संगणकीय खेळ आणि अनेक प्रोसेसर : एका प्रश्नाचा इतिहास

१

संगणकावरील खेळांना एकाहून अधिक प्रोसेसरांचा लाभ होतो काय, हा प्रश्न गेली पंचवीसहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्याला मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. इ. स. २००० च्या सुमारास जाणकारांचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे होते. २००५ नंतर ते ‘होईल, परंतु अद्याप नाही’ असे झाले. २०२० नंतर आठ कोअरांचा प्रोसेसर ही मोठ्या खेळांच्या बाबतीत सामान्य अपेक्षा होऊन बसली. उत्तर असे पालटले म्हणजे आधीचे चूक होते व नंतरचे बरोबर ठरले, असे मानण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा होय. प्रत्येक उत्तरामागे खेळाच्या रचनेविषयी काही गृहीते होती, आणि ‘लाभ’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एकच नव्हता. ही गृहीते कोणती होती व ती कशी ढळली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. २००५ पूर्वी ‘दोन प्रोसेसर’ म्हणजे मदरबोर्डवर बसविलेल्या दोन स्वतंत्र चिपा, असा अर्थ होता. त्यानंतर एकाच चिपेत अनेक कोअर येऊ लागले. प्रस्तुत विवेचनापुरता हा भेद गौण असल्यामुळे दोहोंचा विचार एकत्रच केला आहे.

२

प्रश्नाची तात्त्विक बाजू खेळांच्या संदर्भात निर्माण झालेली नाही. १९६७ साली आयबीएममधील जीन ॲमडाल यांनी एक छोटा निबंध सादर करून अनेक प्रोसेसर जोडण्याच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. त्यांचे निरीक्षण असे, की प्रत्यक्ष कामकाजातील सुमारे ४० टक्के आज्ञा माहितीची मांडामांड करण्यात खर्च होतात, आणि हे काम क्रमानेच होत असल्यामुळे ते वाटून देता येत नाही. पुढे ‘ॲमडालचा नियम’ म्हणून प्रसिद्धीस आलेले सूत्र त्या निबंधात दिलेले नाही. ते इतरांनी त्यावरून बांधले. त्या सूत्राप्रमाणे ४० टक्के काम अविभाज्य असेल, तर दोन प्रोसेसरांनी वेग १.४३ पट होतो, चारांनी १.८२ पट, आठांनी २.११ पट; आणि प्रोसेसर कितीही वाढविले तरी तो २.५ पटीपलीकडे जात नाही.

आता खेळाकडे पाहू. खेळाची आज्ञावली एका चक्रात फिरत असते. खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहणे, त्यानुसार खेळातील जगाची नवी स्थिती ठरविणे, त्या स्थितीचे चित्र सिद्ध करणे आणि ते पडद्यावर पाठविणे, अशा चार पायऱ्यांचे एक आवर्तन पूर्ण झाले म्हणजे एक फ्रेम तयार होते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक आवर्तनासाठी केवळ १६.६७ मिलिसेकंद मिळतात. कळ दाबल्याखेरीज स्थिती ठरत नाही, आणि स्थिती ठरल्याखेरीज चित्र काढता येत नाही. तेव्हा खेळ हे क्रमाने करावयाच्या कामाचे ठळक उदाहरण होय, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु या ठिकाणी दोन प्रकारचे क्रम वेगळे करणे आवश्यक आहे. रणांगणावर शंभर योद्धे एकाच क्षणी धावत असले, तरी बखरकाराला ते एकामागून एकच सांगावे लागतात, कारण भाषेत वाक्यामागून वाक्य येते. तो क्रम निवेदनाचा असतो, घटनेचा नसतो. उलट, तोफ डागली आणि बुरूज ढासळला, हा क्रम घटनेचाच आहे. निवेदकाला तो उलटविता येणार नाही. आज्ञावली हीही एक लिखित संहिताच आहे. तिच्यात जो पूर्वापरसंबंध दिसतो त्यातील किती भाग खेळाच्या स्वरूपातून आलेला आणि किती केवळ लेखनाच्या सवयीतून आलेला, या एका मुद्द्यावर सगळ्या वादाचा निर्णय अवलंबून आहे.

३

अनेक प्रोसेसरांचा घरगुती खेळांतील एक आरंभीचा व बोधप्रद प्रयोग म्हणजे नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेले सेगा कंपनीचे ‘सॅटर्न’ हे यंत्र. त्यात हिताची कंपनीचे एकाच जातीचे दोन एसएच-२ प्रोसेसर होते. कागदावर ही योजना बलवान दिसते. प्रत्यक्षात दोन्ही प्रोसेसरांना मुख्य स्मृतीकडे जाण्याचा मार्ग एकच होता; एक जण स्मृती वाचीत असताना दुसऱ्याला थांबावे लागे. दुसऱ्या प्रोसेसरकडून काम घ्यावयाचे तर त्याला पुरेल असा मजकूर त्याच्याजवळच्या ४ किलोबाइटच्या कॅश मेमरीत बसविणे भाग होते. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या सोनीच्या ‘प्लेस्टेशन’मध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता आणि त्रिमितीय गणितासाठी त्याच्या जोडीला एक खास विभाग दिलेला होता. प्रोग्रॅमर मंडळींना ही दुसरी योजना सोयीची वाटली. सॅटर्नच्या अनुभवावरून एवढे स्पष्ट झाले, की प्रोसेसरांची संख्या आणि त्यांपर्यंत माहिती पोचविण्याची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

घरगुती संगणकाच्या क्षेत्रात अडचण आणखी वेगळी होती. ‘विंडोज ९५’ व ‘विंडोज ९८’ या ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या प्रोसेसरची दखलच घेत नसत. ती सोय ‘विंडोज एनटी’ व नंतर ‘विंडोज २०००’ मध्ये होती. पण ती कार्यालयीन यंत्रणा मानली जाई. १९९९ साली ॲबिट कंपनीने दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बसतील असा ‘बीपी-६’ हा मदरबोर्ड काढला, तेव्हा हौशी लोकांच्या घरी दोन प्रोसेसरांचा संगणक आला. आणि तेथेच आपला प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर विचारला गेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘क्वेक ३ अरीना’ प्रसिद्ध झाला. त्याच्या आज्ञावलीत जॉन कार्मॅक यांनी दोन प्रोसेसरांसाठी एक वैकल्पिक व्यवस्था ठेवली होती. खेळाचे नियम आणि दृश्यात काय दिसेल याचा निर्णय एका प्रोसेसरकडे; ठरलेले दृश्य ग्राफिक्स कार्डाकडे धाडण्याचे काम दुसऱ्याकडे. ही व्यवस्था मुळात बंद ठेवलेली असे आणि खेळाडूने ती स्वतः चालू करावयाची असे. तिचा लाभ यंत्रागणिक बदलत असे. कारण दोन भागांपैकी ज्याचे काम आधी संपे त्याला दुसऱ्याची वाट पाहणे प्राप्त होते, आणि ग्राफिक्स कार्डच मंद असेल तर दोघांनाही थांबावे लागे. बहुसंख्य खेळांत एवढीही सोय नव्हती. ‘खेळांना दोन प्रोसेसरांचा उपयोग नाही’ हे त्या काळचे मत अशा अनुभवातून बनले. उपलब्ध खेळांपुरते ते अचूक होते. त्याची मर्यादा एवढीच, की एका पिढीच्या आज्ञावलींचे वर्णन त्यात ‘खेळ’ या प्रकाराचा स्वभाव म्हणून मांडले गेले.

४

हे मत युक्तिवादाने बदलले नाही. ते भौतिक परिस्थितीने बदलविले. १९७४ साली रॉबर्ट डेनर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते, की ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास चिपेच्या दर एकक क्षेत्रामागे खर्च होणारी शक्ती न वाढविता तिचा वेग वाढविता येतो. तीन दशके उद्योगाची वाटचाल या तत्त्वावर चालली. नव्या शतकाच्या आरंभी गळती विद्युत्प्रवाह आणि उष्णता यांमुळे ते लागू पडेनासे झाले. २००४ साली इंटेलने ‘तेजास’ हा नियोजित प्रोसेसर रद्द केला आणि पेंटियम ४ चा ४ गिगाहर्ट्झचा बेतही सोडून दिला. २००५ च्या मध्यास इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांचे दोन कोअरांचे घरगुती प्रोसेसर बाजारात आले. तोवर जुनाच खेळ नव्या यंत्रावर आपोआप वेगाने चाले. ती सवलत संपली.

खेळयंत्रांनी तर पर्यायच ठेवला नाही. नोव्हेंबर २००५ मधील ‘एक्सबॉक्स ३६०’ मध्ये ३.२ गिगाहर्ट्झचे तीन कोअर होते. नोव्हेंबर २००६ मधील ‘प्लेस्टेशन ३’ मध्ये ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता : एक मुख्य कोअर, आणि प्रत्येकी २५६ किलोबाइट स्थानिक स्मृती असलेले साहाय्यक घटक, त्यांपैकी सहा खेळांच्या वाट्याला. या यंत्रांतील एकेकटा कोअर साधा व तुलनेने दुबळा होता. तेव्हा काम वाटून दिल्याखेरीज या यंत्रांपासून पुरते काम मिळणे शक्यच नव्हते.

आरंभी वाटणी खात्यांप्रमाणे झाली : ध्वनी एकाकडे, पदार्थांच्या आघातांचे गणित दुसऱ्याकडे, चित्रसिद्धी तिसऱ्याकडे. परंतु खाती असतील तेवढेच कोअर कामास लागतात आणि सर्वांत अवजड खात्यासाठी इतरांना थांबावे लागते, हा दोष लवकरच ध्यानात आला. म्हणून दुसरी पद्धत पुढे आली. फ्रेमचे काम शेकडो लहान तुकड्यांत मोडावयाचे, कोणता तुकडा कोणावर अवलंबून आहे तेवढे नोंदवावयाचे, आणि जो कोअर मोकळा होईल त्याने पुढला तयार तुकडा उचलावयाचा. डाइस या संस्थेने ‘बॅटलफील्ड ३’ (२०११) मध्ये पडद्यावरील प्रकाशाचे गणित अशाच तुकड्यांनी सेलच्या साहाय्यक घटकांकडे सोपविले. येथे निवेदनाचा क्रम मोडला गेला आणि घटनेचा क्रम तेवढा राखला गेला. पूर्वी अविभाज्य समजले गेलेले बरेचसे काम केवळ लेखनाच्या सवयीमुळे तसे भासत होते, हे यावरून सिद्ध झाले.

५

तथापि घटनेचा क्रम नाहीसा होत नाही, आणि ‘लाभ’ या शब्दातील संदिग्धता नेमकी येथे पुढे येते. नॉटी डॉग या संस्थेने ‘द लास्ट ऑफ अस’ हा प्लेस्टेशन ३ वरील खेळ २०१४ साली प्लेस्टेशन ४ वर आणला. मूळ खेळ सेकंदाला ३० फ्रेमांचा होता. नव्या यंत्रावर ६० चे उद्दिष्ट होते आणि खेळासाठी सहा कोअर उपलब्ध होते. संस्थेचे प्रोग्रॅमर क्रिस्तियन गिरलिंग यांनी २०१५ च्या एका परिषदेत या कामाचा वृत्तांत दिला. सारी आज्ञावली लहान तुकड्यांत वाटूनही, खेळाचे नियम व चित्राची सिद्धता ही दोन्ही कामे एकापुढे एक ठेवली असता १६.६७ मिलिसेकंदांत मावेनात. शेवटी एका फ्रेमच्या चित्राची सिद्धता चालू असतानाच पुढील फ्रेमचे नियम सोडवावयाचे, अशी योजना करून उद्दिष्ट गाठण्यात आले.

याचे मर्म स्वयंपाकघरात रोज दिसते. एकीने पोळी लाटावी आणि दुसरीने भाजावी, म्हणजे तासाभरात होणाऱ्या पोळ्या वाढतात. पण एक विशिष्ट पोळी गोळ्यापासून ताटापर्यंत यावयास जो वेळ लागतो तो तेवढाच राहतो. खेळातही दर सेकंदास अधिक फ्रेम मिळतात, परंतु एका फ्रेमचा कळीपासून पडद्यापर्यंतचा प्रवास तेवढ्याने आखूड होत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने लाभ पूर्ण आहे. नेम धरून कळ दाबणाऱ्याच्या दृष्टीने तो अपुरा आहे. ‘क्वेक ३’ मधील दोन प्रोसेसरांची व्यवस्थाही तत्त्वतः याच जातीची होती.

क्रम टिकून राहतो असे दुसरे क्षेत्र म्हणजे युद्धनीतीचे खेळ. २००७ मधील ‘सुप्रीम कमांडर’ अनेक कोअरांचा उपयोग करणारा म्हणून गाजला. परंतु हजारो सैन्यघटकांच्या हालचालींचे मुख्य गणित त्यात बव्हंशी एकाच धारेत चाले, आणि सैन्य वाढले की सारा खेळ मंदावे. याचे कारण आळस नव्हे. अशा खेळांत प्रत्येक खेळाडूचा संगणक तेच गणित स्वतंत्रपणे करतो आणि सर्वांची उत्तरे तंतोतंत जुळावी लागतात. कोणती आज्ञा आधी व कोणती नंतर, यात किंचितही फरक चालत नाही. अशा गणिताची वाटणी अशक्य नसली तरी दुर्घट खरीच.

६

आणखी दोन घडामोडींचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. चित्र काढण्याच्या आज्ञा ग्राफिक्स प्रोसेसरकडे पाठविण्याचे काम दीर्घकाळ मुख्यत्वे एकाच कोअरकडून होई. तो दोष खेळाचा नसून मधल्या व्यवस्थेचा होता. एएमडीने २०१३ साली ‘मँटल’ ही पद्धत जाहीर केली. त्यानंतर ‘डायरेक्टएक्स १२’ (२०१५) व ‘व्हल्कन’ (२०१६) आल्या आणि अनेक कोअरांना या आज्ञा एकाच वेळी सिद्ध करता येऊ लागल्या. दुसरी घडामोड एप्रिल २०२२ मधील. एएमडीच्या ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ या आठ कोअरांच्या प्रोसेसरमध्ये ९६ मेगाबाइट कॅश मेमरी होती. क्लॉकचा वेग कमी असूनही अनेक खेळांत तो त्याच पिढीच्या सोळा कोअरांच्या प्रोसेसरला मागे टाकी. सॅटर्नने १९९४ साली शिकविलेला धडाच येथे पुन्हा दिसतो : माहिती वेळेवर पोचत नसेल तर हात वाढवून उपयोग नसतो.

ॲमडाल यांच्या विवेचनाला १९८८ साली जॉन गस्टाफसन यांनी महत्त्वाची पुरवणी जोडली होती. प्रोसेसर वाढले की लोक तेच काम कमी वेळात करीत बसत नाहीत. तेवढ्याच वेळात अधिक मोठे काम हाती घेतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. खेळांना ते विशेष लागू पडते. फ्रेमचा अवधी ठरलेला असतो. अधिक कोअर मिळाले म्हणजे त्याच अवधीत नगरात अधिक माणसे, वनात अधिक झाडे, ढासळणाऱ्या भिंतीचे अधिक दगड येतात. जुना खेळ नव्या यंत्रावर चालवून लाभ मोजणारास हा लाभ दिसत नाही, कारण तो जुन्या खेळात नसतोच. त्या यंत्रासाठी रचलेल्या नव्या खेळात तो असतो.

तात्पर्य, २००० सालचा नकार आणि २०२० नंतरचा होकार ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत. पहिल्याने तयार आज्ञावली दुसऱ्या प्रोसेसरवर मोजून पाहिली. दुसऱ्याने अनेक प्रोसेसर गृहीत धरून आज्ञावली नव्याने लिहिली. निवेदनाचा क्रम जेथे जेथे मोडता आला तेथे लाभ झाला. घटनेचा क्रम जेथे खरा होता तेथे एका कोअरचा वेग आणि त्याच्या हाताशी असलेली स्मृती यांचेच महत्त्व टिकले. यास्तव एखाद्या खेळाला किती प्रोसेसर उपयोगी पडतील हे ठरविताना प्रोसेसर मोजण्याआधी त्या खेळातील कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीसाठी खरोखर थांबते, ते पाहणे अगत्याचे आहे.