चित्राची ओळ

बदलीच्या निमित्ताने काढलेले एखादे समूहचित्र आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी असेल. कचेरीच्या पायऱ्यांवर दोन रांगा, मध्यभागी गळ्यात हार घातलेले साहेब. वीस वर्षांनी ते चित्र मुलांपुढे ठेवले, तर साहेबांचे नाव आठवते. कडेला उभ्या असलेल्या शिपायाचे आठवत नाही. या विस्मृतीला इतिहास आहे आणि त्यात सरकारी कचेऱ्यांचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे व प्रत्येकासोबत वर्णन होते. परंतु बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही; आहे ते जातीचे वा जमातीचे. ज्याचा चेहरा, त्यास आपल्याविषयी काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. चित्र खरे असूनही ओळीने त्याचा अर्थ ठरविला.

याच सुमारास इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ छायालेखनाकडे वळले. त्यांच्या चित्रांवर क्रमांक व नाव निगेटिव्हमध्येच लिहिलेले आढळते. त्यामुळे प्रत कोठेही गेली तरी ओळ सोबत जाई. वृत्तपत्रांत मात्र ओळ टंकलिखित करून चित्राच्या पाठीस चिकटविण्याची पद्धत होती. डिंक सुटला की चित्र अनाथ!

हा डिंक पक्का करण्याचे काम संगणकयुगात झाले. 1965 साली स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातील संस्थेने अमेरिकन वृत्तपत्रसंघटनेच्या सहकार्याने 1991 मध्ये माहितीच्या देवघेवीचा एक नमुना ठरविला. त्यात मथळा, स्थळ, दिनांक, छायाचित्रकार आणि वर्णन यांचे वेगवेगळे रकाने होते. पुढे फोटोशॉपसारख्या साधनांमुळे हे रकाने चित्राच्या फाइलीतच भरता येऊ लागले. आम्हांस विशेष वाटते ते हे की, ओळ कोणी लिहिली याचाही त्यात स्वतंत्र रकाना आहे. चित्राचा अर्थ ठरविणाऱ्याने आपले नाव द्यावे, ही अपेक्षा लहान नव्हे. पुढे चित्रात दिसणाऱ्या व्यक्तींच्या नावांसाठीही रकाना आला.

भाषेची अडचण मात्र राहिली. कॅमेरा स्वतः दिनांकादी तपशील ज्या ‘एक्झिफ’ पद्धतीने नोंदवितो, तिच्या वर्णनाच्या रकान्यात प्रमाणानुसार केवळ साधी रोमन अक्षरे चालत. यूटीएफ-8 ची सोय 2023 च्या आवृत्तीत झाली. 1991 च्या नमुन्यात वर्णनास दोन हजार बाइटांची मर्यादा होती; यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे मराठी मजकूर साडेसहाशे चिन्हांच्या आसपासच संपे. 2001 साली अडोबीने आणलेल्या ‘एक्सएमपी’ने हा अडसर दूर केला. त्यातील वर्णन एकाच चित्रात अनेक भाषांत ठेवता येते.

तरीही हा डिंक अभेद्य नाही. अनेक संदेशसाधने चित्र पाठविताना हे रकाने पुसून टाकतात. म्हणून मूळ फाइल जपावी आणि कोण, कोठे, केव्हा हे वर्णनात त्याच आठवड्यात लिहावे. अर्थ लावण्याचे काम पुढच्यांवर सोपवावे.

आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे अधिक करावे: मराठी वर्णनाशेजारी त्या प्रांताच्या भाषेतही ओळ लिहावी, व ती लिहिण्यापूर्वी कडेला उभ्या असलेल्या त्या गृहस्थास विचारावे, “आपले नाव कसे लिहू?”