उपचाराने खरंच गुण आला का? हे कसं तपासतात

"डॉक्टर, मागच्या वेळी सलाईन लावली अन् दोन दिवसांत ताप उतरला. आजही लावून द्या." पावसाळ्यात आसेगावच्या दवाखान्यात हे मी नेहमी ऐकतो. रुग्ण खोटं बोलत नसतो. पण साधा विषाणूजन्य ताप बहुतेकांचा काही दिवसांत आपोआप उतरतो, आणि माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात. मग गुण सलाईनचा की दिवसांचा? एकट्या रुग्णाकडे पाहून ते मलाही सांगता येत नाही. (उलट्या थांबत नसतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर सलाईन लागते. तो प्रश्न वेगळा.)

म्हणून शास्त्रज्ञ तुलना करतात. याचं उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता: जिथून दवाखाना दूर आहे, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू कसे कमी करायचे? त्यांचा अंदाज असा, की गावातल्याच बाईला शिकवलं तर ती घरी जाऊन बाळाची काळजी घेईल, जंतुसंसर्ग ओळखेल आणि औषधही देईल. अंदाज चांगला वाटला म्हणून तो खरा मानला नाही. 39 गावांत ही सेवा द्यायची आणि 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहतील, असं ठरलं. त्याआधी 1993 ते 1995 दोन्हीकडे नुसती मोजणी केली. पहिल्या 28 दिवसांत दर हजार जिवंत जन्मांमागे एकीकडे सुमारे 62 आणि दुसरीकडे 58 बाळं दगावत होती.

1997-98 मध्ये सेवेच्या गावांत हा आकडा 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो 60 च्या आसपासच राहिला. फक्त 39 गावं मोजली असती तर कुणी म्हणालं असतं, पीकपाणी बरं झालं असेल, रस्ता झाला असेल. पण पाऊस तर शेजारच्या गावांतही तोच होता.

1999 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात एक उणीव होती: कोणत्या गावांना सेवा मिळेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे हीच कल्पना इतरत्रही तपासली गेली. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये चिठ्ठीसारख्या पद्धतीने गट पाडून केलेल्या अभ्यासात मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. गडचिरोलीपेक्षा कमी, पण फरक पडला. मला हा दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो दुसऱ्यांनी, दुसऱ्या मुलखात काढला.

2011 पासून भारतात आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हेच काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या येतात. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. बाळ अंगावर पीत नसेल, गार पडलं असेल, सुस्त असेल किंवा मिनिटाला 60 हून जास्त श्वास घेत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात या.