नावेची हालचाल आणि नदीची खोली

नदीची खोली हा आकडा दिसावयास साधा; परंतु तो बहुधा हलत्या नावेंतून काढावा लागतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील सिरोंचाच्या परिसराशीं या प्रश्नाचा जुना संबंध आहे. वऱ्हाड-नागपूरकडील कापूस गोदावरीच्या मार्गानें पूर्वकिनाऱ्यास न्यावा, या कल्पनेचा सर आर्थर कॉटन यांनीं पुरस्कार केला. हेग या इंजिनियरनें नदीची पाहणी केली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथील खडकाळ टप्पे हे मुख्य अडथळे ठरले. ते ओलांडण्यासाठीं कामें सुरू झालीं, परंतु १८७१ सालीं योजना सोडून देण्यांत आली.

अशा उथळ नदींत हातभर पाण्याचा फरकहि नावाड्यास निर्णायक असतो. पूर्वीं खुणांची काठी किंवा शिशाचें वजन बांधलेली दोरी पाण्यांत सोडून खोली घेत. मात्र नाव प्रवाहाबरोबर सरकते आणि दोरी तिरपी होते. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली दोरी १० मीटर भरली, तर ती सरळ ताणलेली आहे असें धरूनहि खरी खोली सुमारें ८.६६ मीटरच असते. ही चूक धोक्याच्या बाजूची होय; कारण नदी आहे त्याहून खोल भासते.

पुढें दोरीची जागा ध्वनीनें घेतली. पाण्यांत सेकंदास सुमारें १५०० मीटर जाणारा ध्वनि तळावरून परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली निघते. तथापि नाव लाटेवर अर्धा मीटर उचलली गेली, तर खोलीहि अर्धा मीटर अधिक दिसते. सपाट तळ नकाशावर खालींवर उमटतो. नाव कुशीवर कलली, कीं ध्वनीची वाटहि दोरीप्रमाणें तिरपी होते. म्हणून आधुनिक मोजणींत नावेचा चढउतार व कल हीं यंत्रें स्वतंत्रपणें टिपतात आणि तेवढा फरक प्रत्येक आकड्यांतून काढून टाकतात. शिवाय नदीची पातळीहि बदलत असल्यानें सर्व आकडे कांठावरील एका कायम खुणेशीं जुळवावे लागतात.

या दक्षतेचें महत्त्व आजहि कमी नाहीं. सिरोंचानजीकच्या गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा २०१९ सालीं सुरू झाला. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. बंधाऱ्यामागें गाळ किती साचला वा तळ किती खणला गेला, हें दोन काळांतील मोजण्यांच्या वजाबाकीनें ठरतें. त्यांत नावेची हालचाल तशीच राहिली, तर ती गाळ म्हणून हिशेबांत जाते.