उघडी की बंद? मोटारी वाहून नेणाऱ्या वाघिणींचा इतिहास

१/
१९७० च्या आसपासची अमेरिका. कारखान्यातून निघालेली नवी कोरी मोटार मालगाडीने शेकडो मैलांचा प्रवास करून विक्रेत्याच्या गावी पोहोचते. उतरवून घेताना दिसते, की काचेला दगड लागला आहे, रेडिओ गायब आहे, मागच्या आसनावर कोणी तरी रात्र काढून गेले आहे. काही मोटारींच्या दारांना तर बंदुकीच्या गोळीने पडलेली भोके असत. एकही मैल न चाललेली मोटार विकण्याआधीच जुनी झालेली असे.

२/
मोटारी वाहून नेणारी वाघीण उघडी असावी की बंद, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. (इंग्रजी 'वॅगन'चे आपल्या मालधक्क्यांवर रुळलेले रूप म्हणजे 'वाघीण'.) मात्र या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी रेल्वेने पाऊणशे वर्षांत दोनदा बदलले. आधी बंद, मग उघडी आणि पुन्हा बंद. प्रत्येक वेळी उत्तर का बदलले, याचा हा धागा.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी नेण्यासाठी वेगळी वाघीण नव्हती. धान्य, कापड, यंत्रे ज्या बंद मालडब्यांतून जात, त्यांतूनच मोटारीही जात. डब्याचे बाजूचे दार अरुंद आणि मोटार लांब. म्हणून दुहेरी रुंद दारांचे, काही वेळा टोकाला दार असलेले खास डबे बांधले गेले. तरीही मोटार आत ढकलणे, वळवणे, चाकांना लाकडी ठोकळे ठोकणे ही सारी अंगमेहनत होती.

४/
शिवाय डब्याची निम्मी उंची रिकामीच राही. यावर १९३० च्या दशकात एक उपाय रूढ झाला. डेट्रॉइटच्या इव्हान्स प्रॉडक्ट्स कंपनीने डब्याच्या आत बसवायची एक पोलादी चौकट तयार केली. तिच्यावर एक मोटार तिरकी उचलून धरायची आणि तिच्याखाली दुसरी सरकवायची. गरज नसेल तेव्हा चौकट छतालगत उचलून ठेवता येई. जागा वाचली, मात्र भरण्या-उतरवण्याचा वेळ फारसा वाचला नाही.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर ही दिरंगाई रेल्वेला महागात पडली. अनेक मोटारी एकदम उचलणारे ट्रेलर-ट्रक कारखान्याच्या फाटकातून निघून थेट विक्रेत्याच्या दारात जाऊ लागले. २९ जून १९५६ रोजी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि ट्रकांसाठी आणखी चांगल्या रस्त्यांची हमी मिळाली. १९५० चे दशक सरता सरता नव्या मोटारींच्या वाहतुकीत रेल्वेचा वाटा अगदीच क्षुल्लक उरला.

६/
बंद डब्याचा हा पहिला पराभव नीट समजून घेण्याजोगा आहे. आतला माल सुरक्षित होता, त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. हरली ती डब्याची क्षमता आणि त्याचा वेग. एका डब्यात मोजक्या मोटारी आणि त्या भरायला माणसांचा मोठा ताफा, हे गणित ट्रकापुढे टिकले नाही. सुरक्षितता होती, पण तिच्यासाठी जास्त दर मोजायला गिऱ्हाईक तयार नव्हते.

७/
उत्तर अमेरिकेबाहेरही याच सुमारास प्रयोग चालू होते. पश्चिम जर्मनीत फोक्सवागेनच्या मोटारींसाठी दुमजली वाघिणी वापरात आल्या. कॅनडात कॅनेडियन नॅशनल रेल्वेने ७५ फूट लांबीच्या, दुमजली आणि पूर्ण बंद वाघिणी बांधल्या. त्यांना टोकांना दारे होती. त्यामुळे मोटार एका टोकाने चालवत आत नेता येई आणि एका वाघिणीतून पुढच्या वाघिणीतही जाता येई. या वाघिणी या कथेत पुढे पुन्हा भेटतील.

८/
अमेरिकेने मात्र दुसरी वाट धरली. १९६० च्या सुमारास फ्रिस्को रेल्वेसह काही कंपन्यांनी ८५ फुटी सपाट वाघिणीवर तीन मजल्यांचा पोलादी सांगाडा उभा केला. भिंती नाहीत, छप्पर नाही. एका वाघिणीवर १२ ते १५ मोटारी मावू लागल्या. उतरणीची फळी लावली, की चालक एकामागून एक मोटारी थेट वर नेत. ठोकळे, सुतार, ढकलाढकली हे सारे संपले.

९/
या व्यवस्थेमागची आर्थिक मांडणीही हुशारीची होती. खालची सपाट वाघीण बहुधा 'ट्रेलर ट्रेन' या १९५५ साली स्थापन झालेल्या सामायिक कंपनीची असे आणि वरचा सांगाडा एखाद्या रेल्वे कंपनीचा. सर्वांत खर्चिक भाग सगळ्यांनी वाटून वापरायचा, असा तो हिशेब. दशक संपेपर्यंत रेल्वेने ट्रकांकडे गेलेला मोटारींचा धंदा मोठ्या प्रमाणावर परत मिळवला.

१०/
पण या यशाच्या पोटातच पुढचे संकट वाढत होते. चकचकीत मोटारींनी लादलेली, मैलभर लांबीची गाडी शहरांच्या मागल्या अंगाने हळूहळू सरकत असे. रूळालगतच्या मुलांना ती दगड मारायला बोलावतच असे. यार्डात ती तासन्‌तास, कधी दिवस दिवस उभी राही. भरणे-उतरवणे सोपे व्हावे म्हणून चाव्या बहुधा मोटारीतच असत. मालगाड्यांतून फुकट फिरणाऱ्या भटक्यांना थंडीत याहून उबदार मुक्काम कुठला मिळणार?

११/
नुकसान कोणी भरायचे? इथे १९०६ सालचा एक कायदा महत्त्वाचा ठरतो. कारमॅक दुरुस्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार मालाच्या प्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर होती. दगड कोणीही मारो, सामान्यतः दावा रेल्वेच्याच दारात येई. उघड्या वाघिणीने वाचवलेला पैसा भरपाईच्या दाव्यांतून हप्त्याहप्त्याने बाहेर जाऊ लागला.

१२/
तरीही निर्णय लगेच झाला नाही. बंद वाघिणीचा खर्च एकरकमी आणि डोळ्यांसमोर दिसणारा. दाव्यांचा खर्च शेकडो स्थानकांत, हजारो कागदांत विखुरलेला. त्यात काळही बिकट होता. २१ जून १९७० रोजी पेन सेंट्रल या बलाढ्य रेल्वे कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत मोठी दिवाळखोरी. अशा वेळी हजारो वाघिणींना भिंती लावायला भांडवल कोण देणार?

१३/
तांत्रिक अडचणीही होत्या. तिमजली वाघिणीची उंची सुमारे १९ फुटांपर्यंत जाते. त्यावर छप्पर चढवायचे, तर जुने बोगदे आणि पूल आड येतात. पत्र्यांचे वजन वाढते. आत मोटारी चालवत न्यायच्या, तर उजेड हवा आणि धूर बाहेर जायला वाट हवी. सीलबंद पेटी आणि मोटारींची वाघीण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

१४/
याच घालमेलीत सर्वांत विलक्षण प्रयोग जन्माला आला. शेव्हरोलेची छोटी 'वेगा' सप्टेंबर १९७० मध्ये बाजारात आली. स्वस्त मोटारीला वाहतुकीचा भार परवडत नव्हता. जनरल मोटर्स आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांनी 'व्हर्ट-अ-पॅक' नावाची बंद वाघीण तयार केली. तिच्यात मोटारी आडव्या नव्हे, तर नाक खाली करून उभ्या टांगल्या जात. एका वाघिणीत ३० वेगा.

१५/
वाघिणीच्या दोन्ही बाजूंना खालून बिजागरी असलेली दारे होती. दार जमिनीलगत उघडायचे, त्यावर मोटार चढवून जखडायची आणि फोर्कलिफ्टने दार उचलून बंद करायचे. दाराबरोबर मोटारही उभी! तेल सांडू नये म्हणून इंजिनात खास आडोसा ठेवला होता, बॅटरीची झाकणे वरच्या कडेला घेतली होती, काच धुण्याच्या पाण्याची बाटली ४५ अंशांत बसवली होती. प्रवासापुरते इंजिनाला प्लास्टिकचे आधारही लावत.

१६/
प्रतिष्ठेच्या महाग मोटारींसाठी याच कंपनीने 'स्टॅक-पॅक' नावाच्या बंद पेट्या वापरल्या. एका पेटीत तीन मोटारी, एका वाघिणीवर चार पेट्या, म्हणजे १२ मोटारी. तुलना बोलकी आहे. स्वस्त मोटारीसाठी बंद वाघीण परवडली ती संख्येमुळे, महाग मोटारीसाठी परवडली ती प्रत्येक नगाच्या किमतीमुळे. पेच उरला मधल्या, सर्वसाधारण मोटारीचा. आणि बहुसंख्य मोटारी तशाच होत्या.

१७/
व्हर्ट-अ-पॅकचा शेवटही तितकाच शिकवणारा. ती वाघीण वेगाच्या मापाने बेतलेली होती. १९७७ नंतर वेगाचे उत्पादन थांबले आणि वाघिणीचे प्रयोजनच संपले. वरचे सांगाडे गेले, खालच्या सपाट वाघिणी पुन्हा दुसऱ्या कामाला लागल्या. दैवाचा खेळ असा, की प्रवासात इतकी जपलेली वेगा पुढे रस्त्यावर लवकर गंजणारी मोटार म्हणून बदनाम झाली.

१८/
दरम्यान, बंद वाघिणीचे महत्त्व एका वेगळ्याच उद्योगाने ओळखले होते. युजीन गारफिल्ड या वकिलाने ६ डिसेंबर १९७१ रोजी 'ऑटो-ट्रेन' सुरू केली. व्हर्जिनियातील लॉर्टन ते फ्लोरिडातील सॅनफर्ड, अंतर सुमारे १,३७६ किलोमीटर. हिवाळी सुट्टीला दक्षिणेकडे निघालेले कुटुंब डब्यात बसे आणि त्यांची स्वतःची मोटार त्याच गाडीला जोडलेल्या वाघिणीत असे.

१९/
मोटार कारखान्याची असेल, तर नुकसान हा हिशेबाचा प्रश्न असतो. ती स्वतःची असेल आणि मालक त्याच गाडीत बसलेला असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न होतो. दगडांचा मारा झेलणाऱ्या उघड्या सांगाड्यावर आपली मोटार कोण चढवू देईल? ऑटो-ट्रेनने आरंभी वापरल्या त्या कॅनेडियन नॅशनलच्या बंद दुमजली वाघिणी. दशकभर जुन्या या वाघिणींना योग्य गिऱ्हाईक आता मिळाले होते.

२०/
अपघात आणि अंगाबाहेरचा विस्तार यांमुळे ऑटो-ट्रेन १९८१ साली बंद पडली. पण कल्पना फसली नव्हती. ३० ऑक्टोबर १९८३ रोजी अ‍ॅमट्रॅकने त्याच मार्गावर ही सेवा पुन्हा सुरू केली. ती आजही चालते. मोटारींबरोबर मोटरसायकलीही बंद वाघिणींतून जातात.

२१/
मालवाहतुकीत बदल टप्प्याटप्प्याने झाला. आधी सांगाड्याच्या बाजूंना जाळ्या आणि पत्रे आले, मग छप्पर, मग टोकांची दारे. पत्र्यांना बारीक भोके ठेवली, म्हणजे उजेड आणि हवा खेळती राहिली, पण दगड आत येऊ शकला नाही. १९७० चे दशक संपून १९८० चे उजाडले, तोवर पूर्ण बंद वाघीण हाच नियम झाला होता. तीन मजले टिकले, चालवत आत नेण्याची सोय टिकली. उघड्या वाघिणीने शिकवलेले सारे बंद वाघिणीने उचलले.

२२/
भारतात हा प्रश्न आपल्या पद्धतीने सुटला. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेल्या डब्यांच्या खिडक्या-दारे बंद करून, टोकांना दारे काढून 'एनएमजी' वाघिणी बनवल्या गेल्या. डबा आधीच बंद होता, खर्च झाला तो फेरबदलापुरता. उणीव क्षमतेची होती. अशा एका गाडीतून सुमारे १२५ मोटारी जात. २०१० च्या धोरणाने खासगी कंपन्यांना स्वतःच्या वाघिणी आणण्याची मुभा मिळाली. नव्या दुमजली वाघिणींमुळे हा आकडा एका गाडीमागे सुमारे ३०० वर गेला.

२३/
या साऱ्या इतिहासातून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, नुकसान झाले तर ते कोणाच्या खिशातून जाते? अमेरिकी रेल्वेला भिंती उभाराव्या लागल्या, कारण दावे तिच्याच नावाने येत होते. दुसरी, माल वाटेत किती काळ नजरेसमोर उभा राहतो? चोरी आणि दगडफेक यांना उभी गाडी जास्त सोयीची. तिसरी, आतली वस्तू बदलली, तरी पेटी कामाची राहते का? व्हर्ट-अ-पॅक या तिसऱ्या कसोटीवर हरली.

२४/
आज हौसेची मोटरसायकल किंवा जुनी जीप ट्रेलरवर लादून दूर नेणारा माणूसही हेच मोजत असतो. बंद ट्रेलर महाग, जड आणि ओढायला अवघड. वर्षातून एकदा, दिवसाउजेडी, जवळच्या अंतरावर न्यायचे असेल, तर उघडा ट्रेलर आणि पक्के पट्टे पुरतात. रात्री वाटेत मुक्काम असेल, वाहन दुर्मीळ असेल, तर बंद पेटीची किंमत पहिल्याच चोरीत वसूल होते.

२५/
अमेरिकी रेल्वेला हे उमगायला दहा-पंधरा वर्षे आणि असंख्य फुटक्या काचा खर्ची पडल्या. वाघिणीची किंमत एका पावतीवर होती आणि काचांचे हिशेब शंभर वह्यांत. त्या शंभर वह्या एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या.

(धागा समाप्त)