पंचमध्ये किती टक्के?

हॉस्टेलच्या दुसऱ्या वर्षी आमच्या खोलीत एक मनीप्लांट होता. बिअरच्या रिकाम्या बाटलीत. बाटली आमची नव्हती. आधीचे सीनियर खोली सोडताना ती खिडकीत ठेवून गेले होते आणि आम्ही चौघं इमानेइतबारे फक्त पाणी बदलायचो. एका रात्री रेक्टरसाहेबांची धाड पडली. बाटली जप्त, मनीप्लांट कचऱ्यात, आणि आमच्यावर ‘परिसरात मादक पदार्थ बाळगल्याचा’ ठपका. आमच्यातला एक तर चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारा! दोन दिवसांनी शिस्त समितीची बैठक झाली. आम्हाला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. चाळीस मिनिटांनी शिपाईमामा आले आणि म्हणाले, "जा आता, झालं." आठवड्याने पत्र आलं, दंडाच्या आकड्यासकट. सुरुवातच अशी: ‘आपले म्हणणे ऐकून घेतल्यानंतर समिती या निष्कर्षाप्रत आली आहे की...’

दंड भरला, विषय संपला. पण ते पहिलं वाक्य काही डोक्यातून जाईना.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस इतिहास सांगणार होता ना? सांगतो. मला शनिवारी दुपारी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल वाचायचा नाद आहे. फुकट मिळतात, आणि आमच्या ऑफिसातल्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटपेक्षा बरे लिहिलेले असतात. शाळेतली दारू, शाळेतला गांजा, शाळेतल्या गोळ्या, ह्या विषयावर तिथे निकालांची मोठी रांगच आहे. त्यातला माझा आवडता आहे ‘वुड विरुद्ध स्ट्रिकलंड’. साल १९७५. आपल्या मनीप्लांटचा लांबचा भाऊ म्हणा हवं तर.

तर झालं असं. आर्कान्सा राज्यात मीना नावाचं एक गाव आहे, ओक्लाहोमाच्या सीमेपासून जवळ. १९७२ ची सुरुवात. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये एका विद्यार्थी मंडळाचा कार्यक्रम होता, मुली आणि पालक दोघेही येणार होते. खाण्यापिण्यात पंच, म्हणजे आपल्या सरबतासारखा प्रकार. दहावीतल्या तीन मुलींच्या डोक्यात आलं की ह्यात जरा दारू घालू या, मजा येईल. पण ती जिल्ह्यात मिळेना, कारण जिल्हाच ‘कोरडा’, दारूबंदीचा. (वर्ध्याच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.) मग पोरी गाडी काढून सीमेपार ओक्लाहोमात गेल्या आणि ‘राइट टाइम’ नावाच्या माल्ट लिकरच्या, म्हणजे बिअरच्या बहिणीच्या, १२ औंसांच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. त्यात १० औंसांच्या सहा बाटल्या कोल्ड्रिंक मिसळलं. सगळं दुधाच्या रिकाम्या खोक्यात.

इथपर्यंत आल्यावर त्यांना भीती वाटली. निकालात हे नोंदवलंय आणि मला ते फार खरं वाटतं. त्या ते ओतून टाकायला निघाल्या होत्या, पण इतर मुलींनी ओतू दिलं नाही. कार्यक्रम झाला, पंच वाटला गेला, सगळे प्यायले. कोणालाही काहीही झालं नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही.

दहा दिवसांनी कुजबुज त्या मंडळाच्या शिक्षिकेच्या कानावर गेली. तिने विचारलं, मुलींनी आधी कानावर हात ठेवले. मग ती म्हणाली, शिक्षा काय ती मीच बघून घेईन. तेव्हा त्यांनी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा सूर बदलला: शाळेत चर्चा वाढतेय, प्रिन्सिपॉलना कळणारच, माझी नोकरी धोक्यात आहे, मी जबरदस्ती करत नाही, पण उद्या गोष्ट तिखटमीठ लावून पोचली तर मला काही करता येणार नाही. मुली आपण होऊन प्रिन्सिपॉलकडे गेल्या. त्यांनी जास्तीत जास्त दोन आठवड्यांसाठी निलंबित केलं आणि सांगितलं, आज रात्री स्कूल बोर्डाची बैठक आहे, पुढचं तिथे ठरेल. घरी सांगा, पण आईवडिलांनी बोर्डाच्या सदस्यांशी संपर्क साधू नये.

रात्रीच्या बैठकीला ना मुली होत्या, ना त्यांचे पालक. शिक्षिका आणि प्रिन्सिपॉल दोघांनीही घडलेलं सांगितलं आणि सौम्य शिक्षा करावी अशी शिफारस केली. प्रकरण इथे मिटलं असतं. पण तेवढ्यात शिक्षण अधीक्षकांना फोन आला. फोनवर शिक्षिकेचे यजमान, तेही त्याच शाळेत शिक्षक. त्यांनी ऐकलं होतं की आज बास्केटबॉलच्या सामन्यात मारामारी झाली आणि त्यात ह्या तिघींपैकी एक होती. अधीक्षकांनी बातमी बैठकीत सांगितली, मात्र कोणती मुलगी ते सांगितलं नाही! शिक्षिका आणि प्रिन्सिपॉल दोघांनी आपापल्या शिफारशी मागे घेतल्या. बोर्डाने मत दिलं: तिघींनाही उरलेल्या सेमिस्टरसाठी काढून टाका. जवळजवळ तीन महिने.

एक ऐकीव फोन, त्यात नाव नाही, त्याचा पंचशी काही संबंध नाही, आणि ज्यांच्याबद्दल तो होता त्या घरी बसलेल्या. मी हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचा बाकडा आठवला.

दोन आठवड्यांनी बोर्डाने पुन्हा बैठक घेतली. ह्या वेळी मुली, पालक आणि वकील हजर. सुरुवात कशाने? बोर्डाने आधीच ठरवलेली वस्तुस्थिती वाचून दाखवण्याने. मुलींनी गुन्हा मान्य केला, फक्त शिक्षा एवढी मोठी नको म्हणाल्या. ज्या दोघांनी आधी दया दाखवा म्हटलं होतं ते दोघे आलेच नव्हते. निर्णय तोच राहिला.

तिघींपैकी दोघी कोर्टात गेल्या. त्यांनी आधार घेतला तो १८७१ च्या एका कायद्याचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनच्या गुंडगिरीला आवर घालायला केलेला हा कायदा. सरकारी अधिकाराचा वापर करून कोणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला तर त्या माणसावर व्यक्तिशः दावा लावता येतो, असं तो सांगतो. म्हणजे दावा शाळेच्या इमारतीवर नाही, बोर्डात बसलेल्या सदस्यांवर. पहिल्या कोर्टात ज्युरीचं एकमत होईना, शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं की सदस्यांच्या मनात आकस असल्याचा पुरावा नाही, सबब दावा रद्द.

अपिलात मात्र धमाल झाली. शाळेचा नियम म्हणत होता की शाळेत ‘मादक पेय’ वापरायचं वा बाळगायचं नाही. पण मादक म्हणजे काय? नियमात व्याख्या नाही. अपील कोर्टाने राज्याच्या कायद्यात डोकावून पाहिलं. तिथे मादक मद्याची व्याख्या होती: वजनाने ५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल. आणि ‘राइट टाइम’मध्ये फार तर ३.२ टक्के. आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना, म्हणून मी हिशोब केला. २४ औंस माल्ट लिकर, ६० औंस कोल्ड्रिंक, एकूण ८४. चोवीस गुणिले ३.२ भागिले चौऱ्याऐंशी. ०.९१ टक्के. म्हणजे खोक्यातल्या मिश्रणात अल्कोहोल एक टक्कासुद्धा नाही! कोणाला कळलं नाही ह्यात नवल काय. अपील कोर्ट म्हणालं, पेय मादक होतं ह्याचा पुरावाच नाही, मग मुलींना काढलं कशावर?

व्हेरिएबल डिक्लेअर न करता वापरला की काय होतं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. प्रोग्रॅम व्याख्या बाहेरून कुठूनतरी उचलतो आणि लिहिणाऱ्याच्या मनात भलतंच असतं. इथे तेच झालं. सुप्रीम कोर्टाने पाहिलं की हा नियम १९६७ मध्ये केला तो मुळात बिअर पिण्याच्या एका प्रकारानंतर, आणि मधल्या काळात बिअर बाळगणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यालाही तो लावला होता. म्हणजे बोर्डाच्या मनात मादक म्हणजे बिअरही होती, टक्केवारी गेली चुलीत. शाळेने आपल्या नियमाचा जो अर्थ लावला तो बदलायचं काम केंद्रीय कोर्टाचं नाही. ह्यावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत. खरं सांगू? मलाही हे पटतं. सरबतात दारू मिसळणाऱ्याने नंतर टक्केवारीची ढाल पुढे करणं जरा अतीच आहे.

मतभेद झाला तो खऱ्या मुद्द्यावर. बोर्डाचे सदस्य चुकले, तर त्यांना खिशातून भरपाई द्यावी लागेल का? पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, कधीकधी हो. सदस्याने आकसाने केलं असेल तर हो. आणि आकस नसला, पण आपण विद्यार्थ्याचा घटनात्मक हक्क मोडतोय हे त्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तरीही हो. ‘मला कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब संपली. निकाल लिहिला बायरन व्हाइट यांनी, तरुणपणी अमेरिकन फुटबॉलचे गाजलेले खेळाडू. विरोधी मत लिहिलं लुईस पॉवेल यांनी, जे पूर्वी स्वतः रिचमंडच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते! त्यांचं म्हणणं, घटनेतल्या खाचाखोचा वकिलांना कळत नाहीत, त्या ह्या लोकांना कुठून कळणार? अशाने कोण येईल बोर्डावर? त्यांची चिंता अगदीच पोकळ नव्हती.

हे हक्क म्हणजे कोणते? त्याचं उत्तर जेमतेम पाच आठवडे आधी, जानेवारी १९७५ मध्ये, ‘गॉस विरुद्ध लोपेझ’मध्ये आलं होतं. ओहायोतल्या कोलंबसच्या नऊ विद्यार्थ्यांना काहीही न विचारता दहा दिवसांपर्यंत शाळेबाहेर काढलं होतं. कोर्टाने सांगितलं, दहा दिवसांसाठी काढायचं तरी आरोप काय ते सांगा, तो नाकारला तर पुरावा काय ते सांगा, आणि पोराला त्याची बाजू मांडू द्या. वकील नको, मोठी सुनावणी नको, व्हरांड्यात उभ्याउभ्या झालं तरी चालेल. लेखक पुन्हा व्हाइट, मतं पुन्हा पाच-चार, विरोधात पुन्हा पॉवेल. मीनाचा खटला ह्याच प्रश्नासाठी, म्हणजे मुलींचं नीट ऐकून घेतलं का ह्यासाठी, खाली परत पाठवला गेला.

मग काळ बदलला. १९८५ मध्ये ह्याच व्हाइटसाहेबांनी न्यू जर्सीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात ठरवलं की शाळेला दप्तर-पर्स तपासायला वॉरंट लागत नाही, रास्त संशय पुरेसा आहे. मात्र झडती मुलाचं वय आणि गुन्ह्याचं स्वरूप पाहून, बेताची हवी. १९९५ मध्ये खेळाडू विद्यार्थ्यांची लघवी तपासायला परवानगी मिळाली, २००२ मध्ये ती गायनवृंदातल्या पोरांपर्यंत गेली. दरम्यान ‘झीरो टॉलरन्स’ची लाट आली. मुळात बंदुकांसाठी असलेली ही सक्ती बघता बघता गोळ्या-औषधांपर्यंत पोचली.

तिथेच आपल्या पंचची गोष्ट पुन्हा वर येते. २००३, ऍरिझोनातलं सॅफर्ड. तेरा वर्षांची मुलगी. दुसऱ्या एका मुलीकडे आयब्युप्रोफेन सापडली (पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे घरोघरी घेतात ती) आणि तिने हिचं नाव सांगितलं. शाळेच्या नियमात परवानगीशिवाय कोणतंही औषध चालत नव्हतं. उपप्रिन्सिपॉलनी हिचं दप्तर तपासलं, काही नाही. मग नर्सच्या खोलीत दोन महिला कर्मचाऱ्यांनी तिला कपडे काढायला लावले, अंतर्वस्त्रं ताणून झटकायला लावली. तरीही काही नाही. त्यानंतर दोन तासांहून जास्त वेळ तिला ऑफिसबाहेर बसवून ठेवलं. आईला फोन कोणी केलाच नाही.

२००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की ही झडती घटनाबाह्य होती. मुलगी जिंकली. मग ज्यांनी ती केली त्यांचं काय? काही नाही. कारण १९७५ ची ती ‘माहीत असायला हवं होतं’ ही कसोटी १९८२ मध्ये एका वेगळ्याच, व्हाइट हाउसच्या अधिकाऱ्यांच्या खटल्यात नव्याने मांडली गेली होती. मनात काय होतं हे बघायचंच नाही, कायदा त्या वेळी पुरेसा स्पष्ट होता का एवढंच बघायचं. आणि १९८५ च्या ‘बेताची झडती’चा अर्थ खालच्या कोर्टांनी वेगवेगळा लावला होता. न्यायाधीशांनाच स्पष्ट नाही, तर उपप्रिन्सिपॉलना कुठून असणार, म्हणून त्यांना सूट. स्टीव्हन्स आणि गिन्सबर्ग ह्या दोघांनी ही सूट अमान्य केली. शाळा-जिल्ह्यावरचा दावा तेवढा खाली परत गेला.

पॉवेल १९९८ मध्येच वारले. नाहीतर हसले असते बहुतेक.

आमच्या हॉस्टेलच्या नियमपुस्तिकेची पीडीएफ मी गेल्या रविवारी उघडून पाहिली. ‘मादक पदार्थ’ जागच्या जागी आहे, व्याख्या नाही. रिकामी बाटली त्यात येते का, हे विचारायला आम्हाला आत कोणी बोलावलंच नव्हतं. माझ्याकडचं पत्र मार्कशीटच्या फाईलमध्ये आहे. चौघांच्या नावाने एकच, आणि त्यातलं एकाचं नाव चुकीचं टाइप केलेलं.