मनगटाचा अस्थिभंग व क जीवनसत्त्व

मनगटाच्या अस्थिभंगानंतर हाड जुळूनही हातात रेंगाळणाऱ्या वेदनेस प्रतिबंध करण्यासाठी क जीवनसत्त्व देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. तिचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा असला, तरी ती ज्या व्याधीसाठी सुचविली गेली तिचा इतिहास बराच जुना आहे.

पसरलेल्या तळहातावर पडल्याने अग्रबाहूतील अंगठ्याच्या बाजूचे हाड (अरास्थी) मनगटाजवळ मोडते. डब्लिनचे शस्त्रक्रियाविशारद एब्रहॅम कॉलिस यांनी 1814 मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. म्हणजे कॉलिस यांनी हे निदान केवळ डोळ्यांनी व बोटांनी केले होते. हात कालांतराने वेदनामुक्त व कामास योग्य होतो, असे त्यांचे मत होते. पुष्कळांच्या बाबतीत ते खरे ठरते. काहींच्या बाबतीत मात्र ठरत नाही. प्लॅस्टर काढल्यावर हात सुजलेला, तांबूस वा निळसर, कधी ऊन तर कधी थंड राहतो; बोटे मिटत नाहीत आणि नुसत्या वस्त्राचा स्पर्शही सहन होत नाही.

अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या तंत्रिकांना झालेल्या इजांमधील अशी दाहक वेदना सायलस वेअर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1864 मध्ये नोंदविली. 1900 मध्ये हँबर्गचे पाउल झूडेक यांनी क्ष-किरण चित्रांवरून अशा हातातील हाडे विरळ झाल्याचे दाखविले. पुढे दोष अनुकंपी तंत्रिका तंत्राकडे देण्यात आला व त्यावरून व्याधीस नाव पडले. 1994 मध्ये ‘जटिल प्रादेशिक वेदना लक्षणसमूह’ हे कारणाविषयी मौन पाळणारे नाव स्वीकारण्यात आले. नाव बदलले म्हणून उपाय सापडला असे नव्हे.

नेदर्लंड्समधील काही संशोधकांनी मात्र निराळा विचार मांडला. इजेनंतरचा स्वाभाविक शोथ या रुग्णांत मर्यादेबाहेर जातो व त्यात निर्माण होणारे ऑक्सिजनाचे मुक्त मूलक ऊतकांना इजा करतात, असे त्यांचे म्हणणे होते. क जीवनसत्त्व हे मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारे असल्याने ते आधीच दिले तर काय होईल, हा प्रश्न त्यातून निघाला. या जीवनसत्त्वाची ख्याती मुळात स्कर्व्हीमुळे झाली होती. जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये बारा खलाशांवर संत्री-लिंबांचा प्रयोग केला, आणि सेंट-ड्यर्डी यांना या द्रव्यावरील कार्याचाही समावेश असलेल्या संशोधनासाठी 1937 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोलिंगर व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पहिली चाचणी प्रसिद्ध केली. प्लॅस्टरने उपचार केलेल्या 123 प्रौढांपैकी काहींना रोज 500 मिग्रॅ. क जीवनसत्त्व व इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी 50 दिवस दिली. वर्षभरात ही व्याधी पहिल्या गटात 7 टक्के, तर दुसऱ्यात 22 टक्के आढळली. प्लॅस्टर असतानाच ज्यांनी त्रासाची तक्रार केली होती त्यांच्यात ती अधिक होती, हे या चाचणीतील निरीक्षण गोळीइतकेच मोलाचे आहे. 2007 मध्ये 416 रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण 2.4 व 10.1 टक्के आले, 500 मिग्रॅ.हून मोठ्या मात्रेचा अधिक लाभ दिसला नाही.

स्वस्त, परिचित व बहुधा निरुपद्रवी असा उपाय झपाट्याने पसरला यात नवल नाही. परंतु 2014 मध्ये एडिंबरो येथे 336 रुग्णांवर तीच मात्रा तितकेच दिवस वापरून केलेल्या चाचणीत वर्षअखेर हाताच्या कार्यक्षमतेत फरक आढळला नाही. हाड सरकलेल्या रुग्णांत तर सहाव्या महिन्यास क जीवनसत्त्वाच्या गटातच वेदना किंचित अधिक होती. त्यानंतरच्या एकत्रित विश्लेषणांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. लक्षणसमूहाचे निदान रुग्णाच्या तक्रारींवर व वैद्याच्या तपासणीवर ठरते, आणि त्याचे निकष निरनिराळ्या चाचण्यांत सारखे नव्हते. मतभेदाचे एक मूळ येथे असावे. प्रस्तुत लेखकास पहिल्या दोन चाचण्या आशादायक वाटतात, निर्णायक नव्हेत.

आपल्याकडे या विषयात आवळ्याचे नाव निघणे अपरिहार्य आहे. जुन्या भारतीय तक्त्यांत 100 ग्रॅ. आवळ्यात सु. 600 मिग्रॅ. क जीवनसत्त्व दिले आहे. 2017 च्या तक्त्यांत ते निम्म्याहून कमी आहे. 2020 च्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची दैनिक गरज 80 मिग्रॅ., स्त्रीची 65 मिग्रॅ. आहे. चाचण्यांतील मात्रा याच्या सहापटींहून अधिक, म्हणजे आहाराची नव्हे, औषधाची होती. आवळा वा पेरू खाणे हितकर असले, तरी चाचणीचा निष्कर्ष फळास लागू होत नाही. शिवाय जादा क जीवनसत्त्वाचे काही अंशी ऑक्झॅलेट बनते. खानदेशातील उन्हाळ्यात घामामुळे मूत्र दाट होते. म्हणून मुतखडा होऊन गेलेल्या धुळे-जळगावकडील रुग्णाने मोठी मात्रा स्वतःहून घेऊ नये.

धुळ्याच्या देवपूरसारख्या उपनगरात आज अस्थिरोगतज्ञ सहज गाठता येतो, तरीही प्लॅस्टर निघाल्यावर ताठरलेला हात तेल लावून जोराने चोळून घेण्याची जुनी रीत पुरती गेलेली नाही. या व्याधीत अशा चोळण्याने वेदना वाढू शकते. प्लॅस्टर घट्ट वाटत असल्यास ते त्याच दिवशी दाखविणे, हात उंच ठेवणे व मोकळी बोटे पहिल्या दिवसापासून हलविणे, यांविषयी मात्र वैद्यकात विशेष मतभेद नाही.