बुजवलेली खिडकी

सबटायटल लावून चिनी मालिका बघणाऱ्यांना एक कथानक तोंडपाठ असतं. घरातले सगळे मारले जातात, एक मुलगी वाचते, आणि काही वर्षांनी नाव बदलून, वेश बदलून मारेकऱ्याच्याच वाड्यात नोकरीला लागते. मग वीस-पंचवीस भाग ती त्याला चहा आणून देते आणि आपण रात्री दोनपर्यंत 'पुढचा भाग' दाबत राहतो.

हे कथानक कुठल्या रायटर्स रूममध्ये जन्मलेलं नाही. थांग राजवटीतल्या ली कुंगत्सो नावाच्या लेखकाने नवव्या शतकाच्या सुरुवातीला श्ये श्याओ-अ या मुलीची हकीकत लिहून ठेवली. वडील व्यापारी. नदीवर दरोडा पडला, त्यात वडील आणि नवरा दोघं मेले. ही जखमी होऊन पाण्यात पडली आणि वाचली. पुढे दोघं तिच्या स्वप्नात आले, पण मारेकऱ्यांची नावं त्यांनी कोड्यात सांगितली. ती भेटेल त्या शहाण्या माणसाला कोडं विचारत फिरली. इ.स. ८१३ मध्ये ते सोडवलं खुद्द ली कुंगत्सोने: शन लान आणि शन छुन. मग पुरुषाचा वेश करून ती नदीकाठच्या गावांत मजुरी करू लागली. एका घराबाहेर 'गडी पाहिजे' अशी सूचना लावलेली होती. घर शन लानचं निघालं.

तिथे ती दोन वर्षांहून जास्त राहिली. मालकाचा इतका विश्वास बसला की पैसाअडका तिच्या हातून जाऊ लागला. त्या घरातल्या सामानात तिला वडिलांच्या आणि नवऱ्याच्या वस्तू दिसत आणि ती गुपचूप रडत असे. एका रात्री दोघे दरोडेखोर दारू पिऊन पडले. तिने एकाला खोलीत कोंडलं, दुसऱ्याचं डोकं उडवलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. सरकारने तिला शिक्षा केली नाही. ती भिक्षुणी झाली.

मला या गोष्टीतली सगळ्यात खरी वाटणारी गोष्ट म्हणजे ती दोन वर्षं. तलवार चालवायला क्षणभर पुरतो. कोण कुठे झोपतं, कुठलं दार करकरतं, पहाटे आधी कोण उठतं, हे कळायला वेळ लागतो. त्यासाठी त्या घरात राहावंच लागतं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी जी गोष्ट आहे, ती चौथीच्या पुस्तकात असते, म्हणूनच बहुधा मोठेपणी कुणी ती नीट वाचत नाही. लाल महाल, शाहिस्तेखान, बोटं, संपलं. पण श्याओ-अच्या शेजारी ठेवून पाहिलं तर लाल महालाची गोष्ट वेगळीच दिसते. इथे आत शिरणाऱ्याला दोन वर्षं नोकरी करायची गरज नव्हती. ते घर त्याचंच होतं.

भीमाशंकरहून पुण्याकडे निघालात की घोडेगाव, मंचर, मग राजगुरुनगर म्हणजे जुनं खेड, आणि मग चाकण लागतं. आता चाकण म्हटलं की कारखाने, कंटेनर आणि न हलणारी ट्रॅफिक. १६६० च्या पावसाळ्यात इथे शाहिस्तेखान बसला होता. हा औरंगजेबाचा सख्खा मामा, दख्खनचा सुभेदार, किताब अमीर-उल-उमरा. मे महिन्यात तो पुण्यात पोचला आणि जूनमध्ये त्याने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो किल्ला छपन्न दिवस लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. एवढ्याशा कोटासाठी मोगलांची २६८ माणसं मेली आणि ६०० जखमी झाली. डोंगरातले किल्ले याच भावाने घ्यायचे तर काय होईल, हा हिशेब खानाने नक्की केला असणार. तो पुण्यात परतला आणि शिवाजी महाराजांचं बालपण जिथे गेलं त्या लाल महालात राहू लागला. जवळजवळ तीन वर्षं. जनाना, मुलं, बटक्या, आचारी, नगारखाना, सगळा संसार घेऊन.

आजूबाजूला मोगल फौज पसरलेली होती. सिंहगडाच्या वाटेवर महाराजा जसवंतसिंगाची छावणी. खाफीखान हा मोगल इतिहासकार सांगतो की परवान्याशिवाय कुणालाही, विशेषतः मराठ्याला, शहरात किंवा छावणीत सोडायचं नाही असा नियम होता. सूट फक्त बादशाही चाकरीतल्यांना. मराठा घोडेस्वार तर नोकरीत घ्यायचेच नाहीत. आमच्या धंद्यात याला ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, आणि कागदावर तो चोख होता. पण ज्याला आत यायचंय तो नियमाशी भांडत बसत नाही, नियमातली सूट शोधतो. ऑफिसच्या गेटवर लॅपटॉपची बॅग आणि घाईतला चेहरा असला की कार्ड कुणी मागत नाही, तसंच.

खाफीखानाच्या सांगण्याप्रमाणे मोगलांच्याच चाकरीतले काही मराठे पायदळी शिपाई कोतवालाकडे गेले आणि लग्नाच्या वरातीसाठी दोनशे माणसांचा परवाना घेऊन आले. संध्याकाळी एका पोराला नवरदेव बनवून, ढोल वाजवत वरात शहरात शिरली. दुसरी टोळी त्याच दिवशी कैदी म्हणून आली: हात बांधलेले, डोकी उघडी, दोरखंडाने ओढत आणणारे वाटेत त्यांना शिव्या घालतायत. शिव्यांचा तपशील मला फार आवडतो. जदुनाथ सरकारांनी मांडलेली हकीकत जरा कोरडी आहे. तिच्यात महाराज चारशे निवडक माणसं घेऊन आले, आणि हटकलं तेव्हा आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, पहाऱ्याच्या जागी चाललोय, असं सांगून निघून गेले. दोन्हीकडे युक्ती एकच. लपायचं नाही, रोज दिसणाऱ्यांपैकी एक व्हायचं.

महाराजांच्या दोन्ही बाजूंना अंगरक्षक म्हणून होते बाबाजी बापूजी आणि चिमणाजी बापूजी. दोघे खेडेबाऱ्याचे. म्हणजे ज्या मुलुखातून खानाची फौज फिरली होती तिथलेच. त्यांच्या मनात त्या रात्री काय होतं हे कुठल्याच कागदात नाही.

तारीख ५ एप्रिल १६६३, चैत्र शुद्ध अष्टमी. मोगलांच्या बाजूने रमजानचा सहावा. दिवसभराच्या उपासानंतर भरपेट जेवून सगळं घर झोपलेलं. जागे फक्त काही आचारी, पहाटेच्या जेवणाची भांडीकुंडी काढत होते.

मुदपाकखाना आणि जनाना यांच्यामध्ये एक छोटी खिडकी होती, माती-विटांनी बुजवलेली. परक्या माणसाला तिथे भिंतच दिसली असती. आलेल्यांना नेमकी वाट माहीत होती, असं शत्रूच्या बाजूचा खाफीखानच लिहितो. श्याओ-अला दोन वर्षांत जे मिळालं ते इथे लहानपणीच मिळालेलं होतं. घर म्हणजे भिंती कुठे आहेत हे माहीत असणं नाही, भिंत कुठे नव्हती हे माहीत असणं.

आणि इथे ते वाक्य येतं ज्यावरून शाळेतलं पुस्तक भरभर पुढे जातं. जागे असलेले आचारी मारले गेले, झोपलेले झोपेतच मारले गेले. आवाज होऊ नये म्हणून. मग कुदळींनी खिडकी फोडायला सुरुवात झाली. भिंतीपलीकडे झोपलेल्या एका नोकराला आवाज आला, तो धावत खानाकडे गेला. खानाने त्यालाच झापलं: आचारी उठले असतील, कामाला लागले असतील. नंतर एकामागून एक दासी येऊन सांगू लागल्या, भिंतीला भोक पडतंय. तेव्हा कुठे खान उठला आणि त्याने धनुष्यबाण, भाला घेतला. पायरीच्या खालून आलेल्या बातमीवर विश्वास ठेवायला वरच्या माणसाला किती वेळ लागतो हे तुम्ही कुठल्याही कंपनीत पाहिलं असेल. इथे त्या वेळाची किंमत मोठी होती.

आत कनातींचा, पडद्यांचा चक्रव्यूह. महाराज आणि चिमणाजी पडदे फाडत पुढे गेले. दोघे मराठे अंधारात पाण्याच्या हौदात पडले. खानावर वार झाला, आणि काय तुटलं यावर एकमत नाही: खाफीखान अंगठा म्हणतो, सभासद तीन बोटं म्हणतो. सरकारांच्या हकीकतीत कुणा हुशार बाईने दिवे विझवले. खाफीखान सांगतो की दोन दासींनी खानाला हाताला धरून ओढत सुरक्षित जागी नेलं. हिंदुस्थानातल्या एका बड्या अमिराचा जीव त्या रात्री या बायकांनी वाचवला. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

बाहेर बाबाजींच्या तुकडीने पहारेकऱ्यांना झोपेतच कापलं, असाच पहारा करता का, म्हणत. काहीजण नगारखान्यात शिरले आणि खानाच्या नावाने हुकूम सोडला, वाजवा. मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. खानाचा मुलगा अबुल फतह धावून आला, दोघा-तिघांना मारून मेला. मागच्या घरातला एक म्हातारा खिडकीतून शिडीने उतरत होता. तो खानासारखा दिसायचा, एवढ्यावरून त्याचं डोकं गेलं. सरकारांनी दिलेला आकडा असा: खानाचा एक मुलगा, एक सरदार, चाळीस नोकरचाकर, सहा बायका व दासी मृत, शिवाय दोन मुलं आणि आठ बायका जखमी. मराठ्यांकडचे सहा मेले, चाळीस जखमी झाले. लूट कुणी केली नाही. काम झालं आणि सगळे निघून गेले.

हे लिहिताना मला महाराजांचं मोठेपण कमी करायचं नाही, आणि तसं ते होतही नाही. एका बादशाही सुभेदाराला त्याच्या लाखाच्या फौजेच्या मधोमध जाऊन गाठणं हे धाडस कुठल्याही मोजपट्टीवर अचाटच. पण अंधारात चाललेली तलवार आचारी, दासी आणि अमीर असा फरक करत नाही, आणि हे सांगणारे कागद आपल्या हातात आहेत.

सूड होता का हा? तेव्हाचं राजकारण पाहिलं तर हिशेब जास्त दिसतो. चाकणसारखे वेढे परवडणारे नव्हते, मैदानात ही फौज हरणारी नव्हती, मग खानाची झोपच उडवायची. आठवड्याने, १२ एप्रिलला राजापूरहून इंग्रज व्यापाऱ्यांनी सुरतेला पत्र धाडलं. त्यात जसवंतसिंग फितूर होता अशी चर्चा आहे, पण महाराज आपल्या माणसांना सांगतात की परमेश्वराने आज्ञा केली म्हणून केलं, असंही आहे. जसवंतसिंग दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला गेला, तेव्हा खान एवढंच म्हणाला की हे संकट आलं तेव्हा महाराजा बादशहाच्या नोकरीत आहेत असं मला वाटत होतं. बोटं गेली तरी जीभ शाबूत होती.

तरी हिशेबाने सगळं उलगडतं असं मला वाटत नाही. रात्रीच्या छाप्याचं तंत्र महाराजांकडे आधीपासून होतं. १६५७ मध्ये मोगलांच्या जुन्नरवर त्यांनी अंधारात दोरांच्या शिड्या लावून तट ओलांडला, पहारेकरी मारले आणि दोनशे घोडे, तीन लाख होन घेऊन गेले. तो छापा होता. लाल महालातून मात्र काहीच उचलून नेलं नाही.

औरंगजेबाने मामाला बंगालमध्ये पाठवलं, आणि जानेवारी १६६४ मध्ये इकडे सुरत लुटली गेली. बंगालमध्ये खानाचं नाव पुढे वेगळ्याच कारणाने झालं. त्याच्या काळात रुपयाला आठ मण तांदूळ मिळायचा असं तिकडे अजून म्हणतात, आणि ढाक्याच्या लालबाग किल्ल्यात त्याच्या मुलीची, परी बीबीची, कबर आहे. पुण्यात आज शनिवारवाड्याजवळ दिसतो तो लाल महाल गेल्या शतकात नव्याने बांधलेला आहे. मूळ भिंती, ती खिडकी, काही उरलेलं नाही.

महाराज जन्मले ते घर जुन्नरच्या डोक्यावर, शिवनेरीवर. तेही मोगलांकडे होतं. ते घ्यायचे प्रयत्न पुढे फसले आणि शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. त्या घराला वरातीचा परवाना देणारा कोतवाल नव्हता, आणि तिन्ही बाजूंना सरळसोट कडे आहेत.